स्वस्तातलं यंत्र

दिल्लीत समुद्र नाही. हे मला ठाऊक आहे, तरी आयुष्यभर भेटेल त्याने मला ते सांगितलं. एकदा सासऱ्यांनी विचारलं, "हल्ली दुकानात काय विकता?" मी म्हणालो, "पाण्याखाली जायचं सामान." ते बराच वेळ सुपारी चघळत बसले आणि मग म्हणाले, "पण पाणी कुठाय?" प्रश्न रास्त होता. यमुनेत बुडायला सामान लागत नाही आणि बाकीचं पाणी आमच्याकडे टँकरने येतं.

आम्ही मूळचे नगरकडचे ख्रिस्ती. वडील रेल्वेत होते, त्यामुळे मी वाढलो पहाडगंजात आणि शिकलो तिथल्याच मराठी शाळेत. कॉलेज अर्धवट सोडून पहाडगंजातच खन्नाजींच्या दुकानात लागलो तेव्हा ते खेळाच्या सामानाचं घाऊक दुकान होतं. बॅडमिंटनची फुलं, कॅरमची पावडर, पोहण्याचे चष्मे. मग बाजार खुला झाला. परदेशी माल, जो आधी बोटीवरच्या खलाशांच्या पिशवीतून यायचा, तो राजरोस खोक्यांतून यायला लागला. नोएडाचे सेक्टर भरत चालले, गुडगावात काचेच्या इमारती उठल्या, आणि त्यांत काम करणाऱ्या पोरांच्या हातात निवृत्तीच्या वेळी बापालाही मिळाला नव्हता इतका पगार खेळू लागला. सुट्टीत आजोळी जायचं सोडून ती अंदमानला आणि लक्षद्वीपला जायला लागली. खन्नाजींना हवा बरोबर कळायची. त्यांनी नोएडाच्या बाजारात नवं दुकान घेतलं, पाठीवरचे सिलिंडर, पायातले पंख, रबरी पोशाख असं सगळं मांडलं आणि काउंटर माझ्या ताब्यात दिला. माझ्या उजव्या कानाचा पडदा लहानपणापासून फाटलेला आहे. क्लबच्या पोहण्याच्या तलावाच्या तळापेक्षा खोल मी कधी गेलेलो नाही. तरी या शहरातल्या निदान अर्ध्या पाणबुड्यांच्या मनगटावरचा पहिला डायव्ह कॉम्प्युटर मी बांधलेला आहे.

हा डायव्ह कॉम्प्युटर म्हणजे काय, ते सांगतो. दिसायला ते एक जाडजूड घड्याळ असतं. पाण्याखाली खोल गेल्यावर आपण जी हवा श्वासातून घेतो, तिच्यातला नायट्रोजन वायू अंगात मुरत जातो. जितकं खोल आणि जितका जास्त वेळ, तितका जास्त. सावकाश वर आलं तर तो जसा आला तसा निघून जातो. जास्त मुरवून भराभर वर आलं, तर सोड्याची बाटली एकदम उघडावी तसे त्याचे अंगातल्या अंगात बुडबुडे होतात. सांधे धरतात, पाय लुळे पडतात, माणूस जातोही. मनगटावरचं यंत्र सारखं दोनच गोष्टी मोजत असतं, पाण्याचा दाब आणि वेळ. त्यांवरून ते हिशेब करून सांगतं, की आता इतकीच मिनिटं राहा, आता हळू वर चल, आता इतके तास विमानात बसू नकोस. दाब कळावा म्हणून त्याच्या पाठीला बारीक भोकं असतात. पाणी त्या भोकांतून आतल्या पडद्याला टेकतं आणि यंत्राला खोली समजते.

गिऱ्हाईक नवं असलं की ते हमखास सर्वांत महागड्या यंत्रावर बोट ठेवायचं. गुडगावचा एक मॅनेजर होकायंत्रवालं, रंगीत पडद्याचं यंत्र घेऊन गेला आणि पुढच्या रविवारी तणतणत आला. "भाईसाहब, ये तो कुछ बताता ही नहीं!" त्याने ते क्लबच्या तलावात घालून पाहिलं होतं. मी म्हटलं, "सर, आप भी तो कहीं गए नहीं." पानिपतचे एक ब्लँकेटवाले लालाजी होते. मुलं परदेशी गेली, घरात कोणी बोलायला उरलं नाही, म्हणून उतारवयात डायव्हिंग शिकले. "नीचे किसी को बोलना नहीं पड़ता," असं म्हणायचे. यंत्र ते लग्नकार्यातसुद्धा घालून जायचे. असल्या माणसांवर मी खूप हसलो आहे. आता ते सगळे भले वाटतात.

जोगळेकर मात्र हसण्यातले नव्हते. सरकारी खात्यात नकाशे काढण्यात त्यांची नोकरी गेली होती. नुकतेच निवृत्त झालेले, पत्नी काही वर्षांपूर्वी वारलेली, एकच मुलगी मृण्मयी. ती नोएडातच एका कंपनीत होती आणि क्लबच्या तलावात डायव्हिंग शिकता शिकता तिच्या डोक्याने असं घेतलं, की नोकरी सोडून अंदमानात जायचं आणि तिथल्या एका डायव्हिंग सेंटरवर शिकाऊ म्हणून राहायचं. घरात महिनाभर अबोला होता. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत आमची जुजबी ओळख झाली होती. मंडळाच्या नाटकात पडदा ओढायचं काम वर्षानुवर्षं माझ्याकडे असायचं आणि जोगळेकर पहिल्या रांगेत बसून कुणाची एंट्री चुकली ते नंतर सांगायचे. एक दिवस ते छत्री टेकत दुकानात आले.

"साळवे, मुलगी जाणारच म्हणते. जाणारच आहे तर धड सामान घेऊन जाऊ दे. ते मनगटावरचं काय असतं, ते मी घेऊन देणार आहे. माझ्या पैशाने. तिचे नकोत."

"आनंदाने, साहेब. किती बजेट धरलंय?"

"ते नंतर. आधी यात काय काय नको, ते सांगा."

इतका शहाणा प्रश्न त्या काउंटरवर मला दुसऱ्या कुणी विचारला नाही. मी सांगत गेलो. होकायंत्र नको, ते वेगळं मिळतं. सिलिंडरमधली हवा बिनतारी दाखवणारं नको. रंगीत पडदा नको. आकडे मोठे हवेत, गढूळ पाण्यात चष्म्यातून दिसायला हवेत. बटणं कमी हवीत. सेल घरी बदलता यायला हवा, कारण बेटावर घड्याळजी नसतो. आणि मुख्य म्हणजे पहिलं यंत्र भित्रं असावं. काही यंत्रं सढळ हाताने वेळ देतात, काही लवकर घाबरून वर चल म्हणतात. शिकणाऱ्याने घाबरणारं घ्यावं.

ते तीन-चारदा आले. दर वेळी एकेक यंत्र हातात घेऊन, चष्मा कपाळावर चढवून, आकडे, पट्टा, बटणं असं सगळं तपासायचे. मृण्मयी एकदा बरोबर आली होती. "बाबा, चलो ना यार, काकांना माहितीये बिल्कुल. तुम्ही काय शादी जमवताय का?" "लग्न म्हण," जोगळेकर म्हणाले आणि तपासत राहिले. शेवटी त्यांनी मी सुचवलेलंच यंत्र निवडलं. काळं, साधं, आमच्याकडचं सर्वांत स्वस्त. बिल करताना त्यांनी माझा हात धरून थांबवला.

"साळवे, खरं सांगा. यापेक्षा महागाचं घेतलं तर ती जास्त सुरक्षित राहील का? तसं असेल तर मी कुठूनही उभे करीन."

मी म्हणालो, "नाही, साहेब." तेव्हा मी ते मनापासून बोललो होतो आणि आजही माझं उत्तर तेच आहे.

दसरा तोंडावर होता. अंदमानातला मोसम पाऊस सरल्यावर सुरू होतो, त्यामुळे मृण्मयी दसरा करून निघणार होती. खंडेनवमीला जोगळेकरांच्या घरी त्यांच्या नकाशाच्या सामानाची पूजा होत असे. कंपासपेटी, गुण्या, शाईची पेनं असं सगळं पाटावर मांडून. आमच्याकडे ही पूजा नाही, पण शेजारीपाजारी सायकलीला झेंडू बांधलेले मी जन्मभर पाहत आलोय. त्या वर्षी त्यांनी मुलीचं यंत्रही पाटावर ठेवलं. इथपर्यंतची हकीकत त्यांनीच मला हौसेने फोनवर सांगितली होती. "हत्यार आहे ते तिचं. पुजलं. आता जाऊ दे." त्यांचा आवाज हलका झाला होता आणि मलाही बरं वाटलं होतं. बापलेकीचा अबोला त्या काळ्या डबीने मोडला, याचं श्रेय मी मनातल्या मनात घेऊन टाकलं.

पुढची बातमी मंडळातल्या कुणाकडून तरी कळली. मृण्मयीला अपघात झाला. बुडबुडे झाले होते. तसं झालं की माणसाला लोखंडी टाकीसारख्या एका खोलीत ठेवून पुन्हा दाब वाढवतात आणि मग तो सावकाश कमी करतात. ती खोली तिच्या बेटावर नव्हती. समुद्र खवळलेला, बोट उशिरा सुटली, आणि तिथे पोचेपर्यंत व्हायचं ते होऊन गेलं. जीव वाचला. डावा पाय पूर्ण परत आला नाही. डायव्हिंग कायमचं बंद.

ती परत आल्यावर बऱ्याच दिवसांनी एका दुपारी एकटीच दुकानात आली. हातात काठी होती. इतक्या लहान वयाच्या हातात काठी बघवत नाही. तिने पिशवीतून यंत्र काढून काचेवर ठेवलं.

"काका, हे माझ्या सरांच्या कॉम्प्युटरपेक्षा कमी खोली दाखवायचं. मला वाटलं, मी त्यांच्यापेक्षा वर असेन. मी सगळ्यात मागे असायचे, गेस्ट लोकांना सांभाळत. दोन दिवस असंच चाललं. हे मला टाइम देत गेलं आणि मी राहत गेले. जरा बघता का?"

मी यंत्र पालथं केलं. पाठीच्या भोकांत काहीतरी भरलेलं होतं. टाचणीने उकरलं तर लालसर, चिकट असं कागदावर आलं. मला वाटलं, गंज. पण प्लॅस्टिकला गंज कुठून चढणार? मी ते बोटावर घेतलं, चोळलं. मेण होतं. मेणात कुंकू.

मृण्मयी माझ्या बोटाकडे बघत होती. मग तीच बोलू लागली. आई जुन्या वळणाची, आधी मेण लावून त्यावर कुंकू रेखायची. तिचा करंडा बाबांनी जपून ठेवलाय. खंडेनवमीला या गुळगुळीत प्लॅस्टिकवर कुंकू टिकेना, तेव्हा त्यांनी आईच्या करंड्यातलं मेण घेतलं. समोर काचेवर लावलं तर पोरीला आकडे दिसायचे नाहीत, म्हणून यंत्र उलटं केलं आणि पाठीवर, मधोमध, बोटाने दाबून नीट लावलं.

"मी पुसलं होतं, काका. वरवर. सगळं घासून काढायला... नाही वाटलं. बाबा महिन्याने पहिल्यांदा हसले होते."

आमच्याकडे एक जाड काचेची बरणी होती, हातपंपाने आत दाब वाढवायची. भोकं साफ करून यंत्र पाण्यात सोडलं आणि पंप मारला. बरणीच्या काट्यावर जेवढी खोली, तेवढीच यंत्रावर. पुन्हा केलं. पुन्हा तेच. त्या यंत्रात काही म्हणजे काही दोष नव्हता. मेणाने दाब पुरता आत पोचू दिला नव्हता, एवढंच. ही भोकं मिठाने बुजतात, वाळूने बुजतात, म्हणून गोड्या पाण्यात धुवा असं मी प्रत्येकाला सांगत आलो. कुंकू लावू नका, असं सांगायचं मला सुचणं शक्य नव्हतं.

"बाबांना नाही सांगायचं," ती म्हणाली. "प्लीज, काका. ते आधीच नीट जेवत नाहीत. हे कळलं तर ते मरतील. सच में."

"मग त्यांना काय सांगशील?"

"मशीन खराब होतं म्हणून."

मी काउंटरवरच्या बिलबुकाकडे पाहिलं. तिला त्याचा अर्थ कळला. "तुमचं नाव नाही घेणार मी," ती घाईघाईने म्हणाली. बिचारी. यंत्र खराब होतं म्हटल्यावर विकणाऱ्याचं नाव वेगळं घ्यावं लागतं का? पण तिच्या त्या पायाकडे बघून मी हो म्हणालो.

पुढच्या गणपतीत, आरती झाल्यावर प्रसादाच्या रांगेत जोगळेकरांनी मला गाठलं. आवाज चढवणारा माणूस नव्हता तो, म्हणून सगळे वळून पाहू लागले. "या माणसाला मी हात धरून विचारलं होतं. महागाचं घेऊ का म्हणून विचारलं होतं. याने मला स्वस्तातला सडका माल गळ्यात मारला आणि माझी मुलगी लंगडी केली." द्रोण माझ्या हातात तसाच राहिला. माझी बायको सुशीला पुढे व्हायला निघाली, मी तिचा दंड धरला. घरी जाताना बसमध्ये ती रडली. तिला मी सगळं सांगितलेलं होतं. "तुम्ही चोर ठरलात. मुलांना लोक काय म्हणतील?" मी म्हटलं, "मुलं माझीच आहेत, ओळखतील मला." बोलायला सोपं होतं. पुढच्या वर्षी नाटकाचा पडदा ओढायला मंडळाने दुसऱ्या कुणाला तरी बोलावलं. मराठी घरांतली गिऱ्हाइकं हळूहळू कनॉट प्लेसच्या दुसऱ्या दुकानात जाऊ लागली. मला त्याचं दुःख झालं नाही असं म्हणणार नाही. फार झालं. प्रामाणिक दुकानदार या दोन शब्दांपलीकडे माझ्याजवळ मिरवण्यासारखं काही नव्हतं.

तेही चाललं असतं. पण जोगळेकर एकदा दुकानातच आले. वाळलेले, दाढी वाढलेली. त्या दिवशी ते भांडायला आले नव्हते.

"साळवे, मला झोप येत नाही. मला काहीही नको, भरपाई नको. फक्त तोंडाने एकदा सांगा. चूक कशात होती? कारण मी रात्रंदिवस विचार करतो, की त्यात माझं काही चुकलं का. मी निवडताना काही चुकलो का? मी तिला जाऊ दिलं तिथे चुकलो का?"

बरणी माझ्या मागच्या फळीवरच होती. पंप मारून दाखवायचा अवकाश होता. माझं नाव परत मिळालं असतं, नाटकाचा पडदा परत मिळाला असता. आणि हा माणूस घरी जाऊन बायकोच्या करंड्याकडे बघत बसला असता.

"माल स्वस्तातला होता, साहेब," मी म्हणालो. "दोष मालात होता. तुमचं काही चुकलं नाही."

त्यांनी डोळे मिटून मोठा श्वास सोडला. मग माझ्याकडे अशा तिटकाऱ्याने पाहिलं, की मी मान खाली घातली, आणि ते निघून गेले. गल्ल्यावर बसलेल्या खन्नाजींना मराठी येत नव्हतं, पण पहाडगंजात तीस वर्षं काढल्यावर 'माल' आणि 'दोष' कळतात. "साळवे, पागल हो गया है? अपनी दुकान में खड़ा होकर अपने माल को गाली?" मी त्यांनाही काही सांगितलं नाही. पुढे मोबाईलवरून माल मागवायचे दिवस आले, दुकान बंद झालं आणि माझी नोकरी संपली.

मृण्मयी आता एका शाळेत मुलांना पोहायला शिकवते. हे लिहिण्याआधी मी तिला विचारलं. ती म्हणाली, "लिहा. आता बाबा वाचायला नाहीत." त्यांच्या शेवटच्या दिवसांत तिचा निरोप आला, तेव्हा जोगळेकर इस्पितळातून घरी आणलेले होते. डॉक्टरांनी हात टेकले होते आणि त्यांनी स्वतः माझं नाव काढलं होतं.

मी गेलो. पलंगावर माणूस असा उरलाच नव्हता. त्यांनी खूण करून मला जवळ बसवलं. मृण्मयी पायाशी उभी होती, काठीवर भार टाकून.

"साळवे," ते थांबत थांबत म्हणाले, "इतकी वर्षं तुम्हाला शिव्या दिल्या. आता जाताना हे ओझं नको. मी तुम्हाला माफ केलं."

त्या क्षणी खरं सांगितलं असतं तरी मला कुणी नावं ठेवली नसती, असं कधी कधी वाटतं. मी त्यांचा हात दोन्ही हातांत घेतला. "तुमचं मन मोठं आहे, साहेब," मी म्हणालो. मृण्मयी पाणी आणायला म्हणून आत गेली आणि बराच वेळ बाहेर आलीच नाही.

जोगळेकरांच्या चेहऱ्यावर समाधान होतं. जरा वेळाने त्यांनी पुन्हा डोळे उघडले. दुकान केव्हाच बंद झालंय, हे त्यांना ठाऊक नव्हतं.

"एक मात्र करा. कुणी पहिल्यांदा घ्यायला आलं, की त्याला स्वस्तातलं देऊ नका."

"नाही देणार," मी म्हणालो.